गोलरेषेवर जुरांदिर

जुरांदिरने सतरा वर्षं ब्राझीलमधल्या आमच्या गावच्या फुटबॉल संघाचा बचाव सांभाळला. त्यातली अकरा वर्षं मी त्याच्या पाठीमागे गोलात उभा होतो, म्हणून खात्रीने सांगतो, चेंडूसाठी असा पाय घालणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. ऊसतोड्याचा पोरगा. मधे पोर्तुगालच्या एका क्लबाने त्याला नेलं होतं, पण सहा महिन्यांत गडी परत. "तिकडे शिव्यासुद्धा हळू आवाजात देतात रे," म्हणाला, "खेळायला मजा येत नाही."

अडतिसाव्या वर्षी गुडघ्याला पट्ट्या गुंडाळून तो राज्याच्या अंतिम सामन्यात उतरला. समोर राजधानी रेसिफेचा तगडा संघ. आमच्या गावाने तोवर करंडक फक्त टीव्हीवर पाहिलेला. त्यांचा फॉरवर्ड वेलिंग्टन, एकोणीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा, सुरुवातीपासूनच जुरांदिरला डिवचत होता.

"आजोबा, बसायला खुर्ची आणू?"

"आण की. थोड्या वेळाने तुलाच लागेल."

शेवटचं मिनिट. आम्ही एका गोलने पुढे, पण साखळीत ते वर होते, म्हणून बरोबरी झाली तरी करंडक त्यांचाच. उंच आलेला चेंडू पकडायला मी पुढे धावलो आणि साफ चुकलो. चेंडू डोक्यावरून गेला आणि वेलिंग्टनने तो रिकाम्या गोलाकडे ढकलला. मी वळून पाहतो तर जुरांदिर धावतोय. तसल्या गुडघ्याने! ऐन रेषेवर त्याने अंग झोकून दिलं, चेंडू बाहेर उडवला आणि त्याची नडगी खांबावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

रेफ्रीची शिट्टी वाजली. मी धावत त्याच्यापाशी गेलो.

"आत गेला का रे?" त्याने डोळे मिटूनच विचारलं.

"नाही गेला."

"मग रडतोस काय, लेका? जा, करंडक उचल!"

दुसऱ्या दिवशी वेलिंग्टन दवाखान्यात आला. खाली मान घालून म्हणाला, "माझा पहिला करंडक घालवलात तुम्ही."

"तुला अजून दहा मिळतील, पोरा," जुरांदिर हसला. "आमच्या गावाला एकच हवा होता."

तो पुन्हा खेळला नाही. आता थोडा लंगडत गावातल्या मुलींच्या संघाला बचाव शिकवतो, आणि त्या मुली कुणाला सहजासहजी पुढे जाऊ देत नाहीत. बाहेरगावचे लोक अजून विचारतात, "त्या दिवशी चुकलेला गोलकीपर कोण हो?"

मी छाती पुढे काढून सांगतो, "मीच तो. मी चुकलो नसतो, तर जुरांदिर काय चीज आहे हे तुम्हाला कळलं असतं का?"