टाकीतली तोबा

शिरपूरच्या सुरय्याआपाची नवी ओढणी शेजारच्या फुलसिंगच्या बकरीनं खाल्ली आणि आपाचं डोकंच फिरलं. भाच्याच्या निकाहासाठी घेतलेली ओढणी, अजून घडी मोडली नव्हती. मेलीनं जरीची किनार तरी बाजूला ठेवावी की नाही? तीही गिळली. "या गल्लीत ही बकरी राहीन, नाही त मी राहीन," असं आपानं सुनावलं. फुलसिंग पडला भिडस्त. बाजाराच्या दिवशी बकरी मालेगावला नेऊन विकायचं त्यानं मुकाट कबूल केलं. त्याची नात संस्कृती तेव्हापासून धड जेवत नव्हती.

बाजाराचा दिवस उजाडला. आपा ओसरीत गल्लीतल्या पोरांना दीनचे, धर्माचे धडे देत होती. संस्कृती गोष्टीपुरती उंबऱ्यावर येऊन बसायची, तशी बसली. आपानं यूनुस पैगंबरांची गोष्ट सांगितली. रागानं आपल्या लोकांना सोडून, अल्लाहच्या हुकमाची वाट न पाहता ते निघाले, समुद्रात पडले, माशानं गिळले. त्या काळोखात त्यांनी तोबा केली आणि अल्लाहनं त्यांना सुखरूप बाहेर काढलं. "अन् पोरांनो, मानसाचं मन दुखवलं असन, त आदी त्याच मानसाची माफी मांगा लागते."

वरण पाहायला आपा आत गेली, तेवढ्यात पोरं पसार.

अंगणात तोंड कापलेली काळी प्लास्टिकची टाकी आडवी पडलेली असायची. आपा बाहेर आली तर टाकीच्या तोंडावर पोतं लावून पोरं गंभीर चेहऱ्यानं बसली होती. आतून बकरी जीव खाऊन ओरडत होती.

"तोबा करून राह्यली," अल्तमश म्हणाला. तो सगळ्यांत मोठा. "कवाची रडते बिचारी. आता माफ करा, आपा."

आपानं कपाळाला हात लावला. "अरे येड्यांनो, बकरीले गुनाह नसते. तिले काय समजते? ज्याले समजते त्यालेच तोबा."

"मंग तिले कायले इकून राह्यले?" संस्कृतीनं विचारलं.

अल्तमशनं पोतं सारून बकरीला बाहेर काढलं आणि अदबीनं बाजूला सरकला.

"आपा, आतमदी जागा हाये."

आता पोरांसमोर माघार कशी घ्यायची? आपा गुडघ्यांवर आली, अल्लाहचं नाव घेतलं आणि शिरली. कोणीतरी पोतं लावलं. आत लेंड्यांचा वास, मिट्ट काळोख. आपाला खूप लाज वाटली. एका चिंधीसाठी आपण लेकराचं अन्न तोडलं.

"संस्कृती, बेटा, चुकलं माह्यं," टाकीतून आवाज आला. "बकरी कुठी जात नाई."

दोर घेऊन आलेला फुलसिंग दारातच थबकला होता. टाकी बोलते कशी, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं नातीकडे पाहिलं, दोर खाली टाकला, वहाणा काढल्या.

"आपा, तुमचं झालं असन त भाईर निंगा," तो म्हणाला. "बकरी पोरीची, अन् म्या तिले एका शब्दानं पुसलं नाई."

संस्कृतीनं पोतं वर धरलं.