तिघींतली मंगल

खंडेनवमीला वैजयंतीने स्टुडिओतलं सगळं पुजलं. कॅमेरे, लाइटचे स्टँड, कात्री, सगळं पाटावर मांडून हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग तिची नजर कॉम्प्युटरला वायरने जोडलेल्या काळ्या डबीकडे गेली. हार्ड डिस्क. वैशाखातल्या नवऱ्या त्या डबीत, आणि तिलाच हळदकुंकू नाही? बरं दिसत नाही ते. तिने ती चालू डबी उचलली, वायर ताणली गेली आणि डबी पाटावर जरा जोरातच टेकली. वैजयंतीने हात जोडले. आतून आवाज आला, टक्... टक्... टक्.

तोरण बांधत असलेला तिचा नवरा हौशीराम धावत आत आला आणि त्याने वायर उपसली.

"अगं, फिरत असताना हलवायची नसते ती!"

"पण मी पूजाच केली ना हो."

हौशीरामने डबी कानाला लावून पाहिली. वैजयंतीला काही उमगेना. रोजचा नेम झाल्याशिवाय ती चहाही घेत नसे. हात जोडले आणि त्याच क्षणी मोडलं, याचा अर्थ लावायचा तरी कसा?

डबीत एकाच तिथीची तीन लग्नं होती. तिघींच्याही घरचे फोटो निवडायला अजून आले नव्हते आणि कॅमेऱ्यातली कार्डं केव्हाच पुसून झाली होती. घाटघरच्या गोजरबाई तर भात काढून झालं की येते म्हणाल्या होत्या. तीनांतलं एक लग्न त्यांच्या लेकीचं, मंगलचं.

पुण्यातल्या एका माणसाने डबी उघडून जमेल तेवढं वाचवलं. पण फोटोंची नावं गेली, फोल्डर गेले. तिन्ही लग्नांचा एकच काला झाला. काही फोटो अर्धे, खाली नुसता करडा पट्टा. तारीख होती, पण तिघींची एकच. हौशीराम त्या दिवशी भलत्याच लग्नात होता. घाटघरला फोटो काढायला त्याचा आळेफाट्याचा मित्र गेला होता, त्याला आता एकही चेहरा आठवेना.

गोजरबाई आल्या त्या दिवशी वैजयंतीने झालेलं सगळं आधी सांगून टाकलं आणि मगच त्यांना स्क्रीनसमोर बसवलं.

"ह्यो माझा भाऊ. ही नणंद, बघा कशी जेवती! ह्यो पुतण्या भागू, नाचून नाचून पायजमा फाटलेला." गोजरबाई बोट ठेवत गेल्या. वऱ्हाड सापडत होतं. जावयासोबतचे फोटो मात्र उघडेचनात. शेवटी एकट्या नवरीचे फोटो उरले. तीन नवऱ्या, तिघींना हिरवा चुडा, तिघींना मुंडावळ्या, तिघी सारख्याच गोऱ्या.

"मावशी, यातली मंगल कोणती?"

गोजरबाई पुढे सरकल्या, मागे सरकल्या. पदराने डोळे पुसून परत पाहिलं.

"आगं बया. माझी मंगल एवढी गोरी कवा व्हती?"

"पार्लरवाली आली होती ना. आणि थोडं आमच्या ह्यांनी उजळलं."

तिन्ही फोटो मंगलला मोबाईलवर पाठवले. तिचा लगेच फोन आला. "आये, तिन्ही माझेच वाटत्यात गं!"

"घ्या! आता कोणाला इचारू?" गोजरबाई हसल्या, पण डोळ्यांत पाणी आलं. "ताई, भिंतीवर फोटो लावायचा म्हून खिळा ठोकून आलेय मी. दुसऱ्याची लेक न्हेऊन लावू का?"

वैजयंतीचा जीव कासावीस झाला. चुकीची नवरी चुकीच्या घरी गेली तर? मोडलं ते मोडलं, वर हेही पाप?

"मावशी, काही खूण?"

"खूण म्हंजी... तीट लावली व्हती म्या. कानाफुडं, गालावर. पार्लरवालीनं पुसली, म्या परत लावली."

हौशीराम चुळबुळला. "डाग वाटला असेल. डाग तर मी सगळ्यांचेच काढले."

"तीट काढली?" गोजरबाईंनी कपाळावर हात मारला. "मंग दिष्ट लागंल न्हाई तर काय! तुमची पूजा न्हाई नडली ताई, ह्ये नडलं."

वैजयंती गोंधळली. पुण्याचा माणूस म्हणाला धक्का बसला. गोजरबाई म्हणतात दृष्ट लागली. तिला दोन्ही पटत होतं.

"अहो, न उजळलेले कुठे आहेत?"

"ते सगळे अर्धवट आहेत. कशाला?"

"दाखवा तर."

करड्या पट्ट्यांचे फोटो एकेक सरकू लागले. एकात नुसतं कपाळ, एकात छत. मग एक आला: नाकाच्या खाली काही नाही, पण डावा कान होता, कानापुढे काळा ठिपका होता, आणि कानातल्या वेलाचं टोक निसटून केसांत अडकलं होतं.

"हीच!" गोजरबाई ओरडल्या. "हीच माझी काळुंद्री!"

मग गोऱ्या तिघींचे कान तपासले. मधलीच्या वेलाचं टोक तसंच केसांत अडकलेलं होतं. गोजरबाईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"आसंल बाई," त्या म्हणाल्या. "पर ह्यो अर्धाच द्या मोठा करून."

"अर्धा कसा लावणार भिंतीला?" हौशीराम म्हणाला. "मधलीचा पूर्ण आहे की."

"त्योबी द्या. तिच्या सासरी धाडते."

हौशीरामने प्रिंटर चालू केला. सवयीने त्याचा माऊस काळ्या ठिपक्यावर गेला.

"अहो!" वैजयंती म्हणाली. एवढ्या मोठ्याने ती दुकानात कधी बोलली नव्हती.