दोन्हीकडे नाळ

झारा दुबईहून आली तेव्हा तिच्याबरोबर माणसाहून लांब अशी एक पिशवी होती. रिक्षा राजिवड्याच्या गल्लीत शिरली ती पिशवीची टोकं दोन्हीकडून बाहेर काढूनच. लोकांना वाटलं, तन्वीरने बापासाठी नवी वल्ही पाठवली.

तन्वीर माझा मुलगा, झारा त्याची लेक. ती तिकडेच वाढली. वाळवंटात एक मोठी बंद इमारत आहे आणि तिच्या पोटात बर्फाचा डोंगर केलाय, असं ती फोनवर सांगायची. तिथे ती लहान मुलांना बर्फावरून घसरायला शिकवते. मी ऐकायचो, पण ते मला झोपेत ऐकल्यासारखं वाटायचं. बर्फ मी पाहिला तो मासळीवर टाकायचा. त्याचा डोंगर कसा असेल, हे मनात आणायचो तेव्हा मिठागरातला ढीग दिसायचा, आणि त्यावरून माझी नात पाखरासारखी खाली येताना दिसायची.

पिशवीतून दोन जोड्या निघाल्या. एक काळी, एक समुद्राच्या उथळ पाण्यासारखी हिरवी. माझी बायको हफीजा कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"आत्येबहिणीच्या, नाझियाच्या लग्नाला आलीस, आणि आहेर म्हणून फळ्या आणल्यास काय गो?"

"दादी, स्की म्हणतात त्याला."

"म्हणू देत. दिसतात फळ्याच."

मग झाराने मला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं. बर्फाच्या उताराच्या एका भागात मुद्दाम लोखंडी पाईप, पेट्या आणि उंचवटे मांडून ठेवतात. त्याला टेरेन पार्क म्हणतात. घसरत यायचं, उडी मारून पाईपवर चढायचं, त्यावरून सरकायचं आणि पलीकडे उतरायचं. ती परत गेली की तिथे निवड होणार होती. निवडलेल्यांना खऱ्या डोंगरावर, खऱ्या बर्फात नेणार होते. तिच्या सरांनी दोन जोड्या दिल्या होत्या आणि बजावलं होतं, एक ठेव, दुसरी परत कर, आणि कोणती ते मला विचारू नकोस.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"काळी जोडी ताठ आहे, दादा. चूक झाली तरी सावरून घेते. पण तिचं मागचं टोक सपाट, म्हणून तोंड पुढे करूनच उतरावं लागतं. हिरवी वाकते, आणि दोन्ही टोकांना वर उचललेली आहे. तिच्यावरून पाठमोरं उतरता येतं. निवडणाऱ्यांना तेच हवं असतं."

"मग हिरवी घे."

 ती डाव्या मनगटावरून उजवा हात फिरवत राहिली. गेल्या वर्षी पाठमोरी उतरताना ती पडली होती आणि ते मनगट मोडलं होतं. हे तन्वीरने आम्हाला सांगितलं होतं, तिने नाही.

मी हिरवी जोडी मांडीवर घेतली. होडीची पुढची बाजू लाटेवर चढावी म्हणून वर उचललेली असते, तिला आम्ही नाळ म्हणतो. या फळीला दोन्हीकडे नाळ होती. म्हणजे हिला जाणं आणि येणं सारखंच. मला ती फार आवडली.

घराच्या मागे सड्याकडे, वरच्या कातळी माळाकडे, चढणारा उतार आहे. पौषात तिथलं गवत वाळून पिवळं आणि गुळगुळीत होतं. लहानपणी आम्ही पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या रुंद बुडख्यावर बसून तिथून घसरायचो. झाराने तिथेच एक जुना पाईप आडवा टाकला आणि सकाळ-सकाळ सराव सुरू केला. खाडीवर धुकं असायचं. भाट्याचा पूल अर्धा दिसायचा, अर्धा नाही. त्या पांढऱ्यात ती वर उभी राहायची, हिरव्या फळ्यांवर, उताराकडे पाठ करून. मी खालून श्वास रोखून बघायचो. आणि दर वेळी ती शेवटच्या क्षणी वळायची आणि तोंड पुढे करून खाली यायची.

"आज गवत ओलं आहे," म्हणायची. दुसऱ्या दिवशी म्हणायची, "आज फार कोरडं आहे."

लग्न झालं. निघायचा दिवस जवळ आला. त्या दुपारी मला ओट्यावर डोळा लागला. स्वप्नात खाडी पांढरी आणि घट्ट झाली होती. माझी जुनी होडी तिच्यावरून वल्ह्यावाचून चालली होती, पाठमोरी, आणि मी सुकाणूवर बसून मागे राहणाऱ्या गावाकडे निवांत बघत होतो. भीती अशी नव्हतीच.

जागा झालो तर समोर हिरव्या फळ्या भिंतीला टेकलेल्या. त्यांच्या कडेला लोखंडाची पट्टी असते. खाऱ्या हवेने तिच्यावर तांबूस ठिपके आले होते. समुद्रकाठच्या माणसाला जे सुचतं तेच मला सुचलं. माळ्यावरून मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या तेलाची बाटली काढली. होडी पाण्यात लोटण्याआधी लाकडाला हेच तेल देतात. मी चिंधी घेतली, आणि कडा, तळ, दोन्ही नाळी, सगळं प्रेमाने चोळून काढलं. हिरवी जोडी झाली आणि तेल संपलं.

आधी मांजरं आली. मग हफीजा आली, नाकाला पदर लावून.

"अहो, काय केलंत हे? सुकटीचा बाजार भरवलात काय?"

मग झारा आली. तिने एक मांजर फळी चाटताना पाहिलं आणि अशी किंचाळली की मांजरं एकदम कौलांवर पोचली.

"दादा! मेण लावतात याला, मेण! ही जोडी का? हीच का? काळीला लावायचं होतं ना!"

ती मटकन खाली बसली. फळ्या मांडीवर घेऊन ओढणीने पुसू लागली, आणि पुसता पुसता रडू लागली. मी चिंधी पाठीमागे लपवली.

हफीजाने मात्र मान वाकडी करून तिच्याकडे पाहिलं. "काळीला लावलं असतं तर रडली असतीस?"

झाराचा हात थांबला. तिने त्या हिरव्या तळाकडे पाहिलं, तेलात आभाळ दिसत होतं तिथे.

"नाही," ती हळूच म्हणाली. "हसले असते."

"मग झालं तर. उगाच इतके दिवस जीव खाल्लास सगळ्यांचा."

"आणि आता ही परत तरी कोण घेणार!" असं म्हणून झारा हसायलाच लागली, रडण्याचं पाणी गालावर तसंच.

गरम पाण्याने आणि शिकेकाईने आम्ही तिघांनी त्या फळ्या धुतल्या. वास गेला नाही. दुसऱ्या सकाळी धुकं जास्तच होतं. ती वर गेली आणि मला दिसेनाशी झाली. मांजरं तिच्यामागून वर गेली. मी खाली पाईपजवळ उभा राहिलो.

आधी गवताची सळसळ ऐकू आली. मग पांढऱ्यातून तिची पाठ आली. पाठच. हात पंखासारखे. पाईपवर खण्ण झालं, ती सरकली, पलीकडे उतरली आणि गवतात थांबली. सगळा वेळ तिचं तोंड वरच्या धुक्याकडे होतं, जिथून ती आली होती तिकडे.

"दादा," ती म्हणाली, "मागे बघत आलं की वाट दिसत राहते."

काळी जोडी सरांकडे परत गेली. हिरवीवरून तिने निवडीच्या दिवशी काय केलं, ते तन्वीरने फोनवर दाखवलं. पांढराशुभ्र उतार, आणि त्यावरून पाठमोरी येणारी माझी नात. खाली उभ्या असलेल्या माणसाने हसत नाकाला रुमाल लावला होता.

आता ती खऱ्या डोंगरावर आहे. ओट्यावर दुपारी डोळा लागला की मी तिथे जातो. तिथल्या बर्फाला मुशीच्या तेलाचा वास येतो.