बटणताईनं थांबवलेली बस

सिनेमातल्या बायका मशीनवर शिवताना दिसल्या की माझी मावशी हमखास वैतागायची. "बघ, ही शिवत नाहीये, सायकल चालवतेय," म्हणायची. त्यामुळे नायिकेला कारखान्यातलं मशीन शिकवायला कुणी मिळेल का, असं आमच्या दिग्दर्शिकेनं विचारलं तेव्हा मला दुसरं नाव सुचलंच नाही.

मी सिनेमांसाठी कपडे शिवते. हा सिनेमा खुनांचा होता. तयार कपड्यांचा कारखाना, तिथून घरी निघालेल्या कामगार बायकांवर एकामागून एक होणारे हल्ले आणि त्यांचा छडा लावणारा एक इन्स्पेक्टर. मावशीनं आयुष्यातली सोळा वर्षं अशाच कारखान्यांत कॉलर शिवल्या होत्या. तिच्या कपाळापासून कानापर्यंत एक व्रण आहे. लहानपणी मी त्याबद्दल विचारलं तेव्हा आईनं "अपघात" एवढंच सांगून विषय मिटवला होता, आणि आमच्या घरात मिटवलेला विषय पुन्हा काढायची सोय नव्हती. खरं काय ते माहीत असतं तर मी तिला त्या शूटिंगला नेलंच नसतं.

पहिले चार दिवस झकास गेले. नायिका गुणी मुलगी. बोटात सुई जाता जाता दोनदा वाचली, तरी "पुन्हा दाखवा" म्हणायची काही थांबली नाही.

"चवड्यानं पळवायचं, टाचेनं थांबवायचं," मावशी सांगायची. "अगं, मशीनला घाबरतेस की मशीनवर रुसतेस?"

पाचव्या दिवशी हल्ल्याच्या प्रसंगाची तालीम होती. नायिका कारखान्याच्या भिंतीकडेनं चालत येते, मागून एक माणूस येतो, झटापट होते आणि इन्स्पेक्टर जीपमधून उडी मारून तिला वाचवतो. मावशी माझ्या शेजारी खुर्चीवर बसली होती. झटापट सुरू झाली तशी तिनं माझं मनगट धरलं. इन्स्पेक्टरनं उडी मारली आणि मावशी मोठ्यानं म्हणाली, "पोलीस नव्हते आले."

सगळे थांबले. दिग्दर्शिका वळून म्हणाली, "कुठे, मावशी?"

"भिंतीजवळ. पोलीस तासाभरानं आले. आधी बटणताई आली."

दिग्दर्शिका क्षणभर तिच्या व्रणाकडे बघत राहिली. मग तिनं सगळ्यांना चहाला पिटाळलं आणि मावशीसमोर खुर्ची ओढून बसली. मी उठायला लागले, तर मावशी म्हणाली, "तू बस. तुलाही कळू दे आता."

तेव्हा मावशी सव्वीस वर्षांची होती. त्या थंडीत कारखान्यांच्या भागात तीन बायकांवर हल्ले झाले होते आणि तिघींतली एकही वाचली नव्हती. तिसरी यांच्याच कारखान्यातली, इस्त्रीच्या टेबलावरची मुलगी. त्यानंतर बायकांनी 'सुटल्यावर एकटीनं जाऊ नये' अशी नोटीस फाटकावर वाचली. काम मात्र पूर्वीच्याच वेगानं चालू राहिलं.

इस्त्रीवाली गेली त्याला आठ दिवस झाले होते. सुपरवायझरनं मावशीला वाकड्या कॉलर उसवून पुन्हा शिवायला थांबवून घेतलं. ती बाहेर आली तेव्हा कामगारांची बस निघून गेली होती. साडेसहाच वाजले होते, पण थंडीतला अंधार. मोठ्या रस्त्यापर्यंत भिंतीकडेनं दहा मिनिटं चालायचं होतं. अर्ध्या वाटेवर कुणीतरी मागून तिचे केस धरले. तो कापडाच्या गोदामावरचा माणूस होता. रोज सकाळी हसून "काय कॉलरवाल्या बाई, काय म्हणता?" असं विचारणारा. त्याच्या हातात कापड कापायचं पातं होतं.

"पुढचं सगळं आठवत नाही," मावशी म्हणाली. "आवाज आठवतो. बटणताईचा. दोनशे मशीनं चालू असली तरी शेवटच्या ओळीला ऐकू जायचा तिचा आवाज. मला वाटलं, मी मेले तरी ही बाई ओरडायची थांबत नाही."

बटणताई काज-बटण विभागात होती, चाळिशीची. बसमध्ये तिला मावशीची जागा रिकामी दिसली. तिनं ड्रायव्हरला बस थांबवायला सांगितलं. तो ऐकेना. तेव्हा तिनं दार उघडलं, एक पाय बाहेर टाकला आणि म्हणाली, "थांबव, नाहीतर मी उडी मारते. मग माझं मढं तू निस्तर." बस थांबली. ती उतरून मागे पळत सुटली आणि तिच्या पाठोपाठ आणखी चौघी. भिंतीशी पोचल्यावर तिनं डब्याची पिशवी गरगर फिरवून त्या माणसाच्या तोंडावर हाणली. तो पळाला, पण तिनं त्याला ओळखलं होतं.

कोर्टात साक्ष बटणताईनंच दिली. आधी कारखान्यातल्या वरिष्ठांनी तिला समजावलं, मग धमकावलं, मग कामावरून काढलं. ती हटली नाही. त्या माणसाला जन्मठेप झाली. मावशी तेव्हा आधी हॉस्पिटलात आणि मग आजीकडे. तिचा जबाब बंद खोलीत झाला. घरच्यांनी बजावलं, त्या बाईला भेटू नकोस, पुन्हा बोभाटा नको, तुझं लग्न व्हायचंय.

"लग्न काही झालं नाही," मावशी म्हणाली, "आणि मी तिला एकदाही 'ताई, तुमच्यामुळे' असं म्हटलं नाही. आधी घरच्यांनी जाऊ दिलं नाही, मग माझी मलाच लाज वाटायला लागली. बावीस वर्षं झाली. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

संध्याकाळी दिग्दर्शिका मावशीला सोडायला गाडीपर्यंत आली. "मी तो प्रसंग चुकीचा लिहिलाय," म्हणाली. "तुमची हरकत नसेल तर पुन्हा लिहिते. आणि तुम्हाला बटणताईंना शोधायचं असेल तर तुमच्या भाचीला हवी तेवढी सुट्टी."

प्रसंग बदलला. इन्स्पेक्टर आता शेवटी यायचा होता. ते काम करणारा नट दोन दिवस फुरंगटून बसला. तिसऱ्या दिवशी आपणहून म्हणाला की उशिरा पोचणाऱ्या पोलिसाचं काम जास्त अवघड आहे, आणि त्यानं ते खरोखर जीव ओतून केलं.

मी शोधाला लागले. मावशीच्या जुन्या मैत्रिणींकडून त्या बसच्या ड्रायव्हरचा पत्ता लागला. तो आता घरीच असतो. "तिला कोण विसरेल?" तो म्हणाला. "माझ्या बसच्या दाराची कडी तोडली तिनं!" मग आवाज उतरवून म्हणाला, "बरं झालं तोडली." बटणताईच्या लेकीचा नंबर त्याच्याकडेच मिळाला.

तीन तासांचा प्रवास होता. मावशी खिडकीशी बसून ओठ हलवत होती, शाळेतली कविता पाठ करावी तशी. बटणताई लेकीबरोबर राहत होती. पुढच्या खोलीत कपडे लहानमोठे करून द्यायचं दुकान, मागे घर. आम्ही दारात उभ्या राहिलो, तेव्हा ती मशीनवर पँटचा पाय दुमडून शिवत होती.

"कोण?" तिनं चष्म्यावरून बघत विचारलं.

मावशीचं सगळं पाठांतर उडालं. "कॉलर," एवढंच म्हणाली.

बटणताई उठली. जवळ येऊन तिनं मावशीच्या कपाळावरून कानापर्यंत बोट फिरवलं. "टाके बरे घातलेत की गं," ती म्हणाली, आणि मग दोघी कितीतरी वेळ एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

आत बसल्यावर मावशीनं सुरुवात केली. "ताई, मला तुमचे आभार..."

"गप. आधी माझं ऐक. मी कुणी मोठी शूरवीर आहे असं समजून आली असशील तर ते डोक्यातून काढ." बटणताईनं पाण्याचा ग्लास हातात घेतला, पण प्यायली नाही. "त्या संध्याकाळच्या आठ दिवस आधी इस्त्रीवालीची जागासुद्धा रिकामी होती. माझ्याच पुढची. मला दिसली होती. पण घरी ही पोर तापानं फणफणली होती आणि माझे पाय गळून गेले होते. म्हटलं, थांबली असेल, येईल मागून. बसले गप्प. बस चालू राहिली."

लेक आमच्याकडे न बघता चहाचे कप मांडत होती.

"तुझी जागा दिसली तेव्हा मी विचार केलाच नाही," बटणताई म्हणाली. "उतरले. तू जगलीस. लोक म्हणायचे, हिनं त्या पोरीला वाचवलं. मी मनात म्हणायचे, पोरीनं मला वाचवलं. तुझाही जीव गेला असता तर मी काय केलं असतं, कुणास ठाऊक. मग आता आभार कुणी कुणाचे मानायचे, सांग."

"तुमची नोकरी गेली माझ्यापायी."

"गेली तर गेली. त्या सुपरवायझरचं तोंड बघायचं सुटलं."

मावशी रडता रडता हसली. मग ताठ बसली. "तरी मी बोलणार. बावीस वर्षं पाठ केलंय. ताई, तुमच्यामुळे मी परत मशीनवर बसले. आईला शेवटपर्यंत सांभाळलं. समुद्र बघितला. माझ्या बहिणीच्या या पोरीला मांडीवर बसवून पहिली सरळ शिलाई मारायला शिकवली. हे सगळं तुमच्यामुळे."

माझ्या हातातलं काम, माझं पोट ज्यावर चालतं ते, कुठून आलं हे मला त्या खोलीत कळलं. पण मी त्या बाईला काय म्हणणार? मी पुढच्या खोलीत गेले, मशीनवर अर्धवट राहिलेली पँट घेतली आणि तिचा दुसरा पाय दुमडून शिवून आणला. बटणताईनं शिलाई खिडकीजवळ नेऊन डोळ्यांशी धरली, उलटी करून बघितली.

"कॉलरचा हात आहे," ती म्हणाली. माझ्या कामाचं एवढं कौतुक आजवर कुणी केलेलं नाही.

सिनेमा तयार झाल्यावर दिग्दर्शिकेनं पहिला खेळ कपड्यांच्या कारखान्यांतल्या बायकांसाठी ठेवला, सुट्टीच्या दिवशी दुपारी. मी दोघींच्या मध्ये बसले होते. बटणताई झालेली नटी पडद्यावर आली तशी खरी बटणताई कुजबुजली, "मी एवढी बारीक कधी होते गं?" आणि कुजबूज तिची असल्यामुळे अख्ख्या थिएटरला ऐकू गेली. पहिल्यांदा हशा पिकला तो तिथे. पण इस्त्रीवालीची रिकामी जागा दिसली, तेव्हा तिनं खाली मान घातली. हा प्रसंग तिनं स्वतःच दिग्दर्शिकेला घालायला सांगितला होता. माझ्यावरून हात लांब करून मावशीनं तिचा हात धरला, आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

या महिन्यात बटणताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मावशी पिशवी भरून तिथे गेली ती अजून परतलेली नाही. काल मी फोन करून विचारलं, कधी येतेस?

"येईन गं," ती म्हणाली. "ही बया काठी घ्यायला तयार नाही. म्हणते, तू आहेस ना." मागून बटणताईचा आवाज आला, की फोनवर माझ्या चहाड्या करू नकोस. मावशीनं तिला काहीतरी उत्तर दिलं आणि मला विसरून दोघी बोलत बसल्या. मी फोन ठेवला नाही. नुसती ऐकत राहिले.