जास्वंदीची हजामत

रोपवाल्याच्या हातातली झारी अप्पांनी काढून घेतली, खाली आपटली आणि त्याला दंडाला धरून दोन गल्ल्या ओलांडून थेट आपल्या अंगणात आणून उभं केलं. वाटेत अप्पांचा आवाज असा चढला होता, की तीन गल्ल्यांतली कुत्री शेपट्या घालून बसली. चौथ्या गल्लीतलं एक बहिरं होतं, म्हणून ते तेवढं बचावलं.

"बघ! डोळे फाडून बघ," अप्पा म्हणाले. "लाल जास्वंद म्हणून दिलीस ना? कुठंय लाल?"

रोपवाल्याने बघितलं. कुंडीत जास्वंद होती खरी, पण अशी गोल, गुळगुळीत आणि चापूनचोपून बसलेली, की तिला नमस्कार करावा की तिची चौकशी करावी, हेच त्याला कळेना. वाऱ्याची झुळूक यायची ती झाडापाशी येऊन बाजूने निघून जायची. आत शिरायला तिला जागाच नव्हती.

"छान ठेवलीय हो अप्पा."

"छान? हिला मी पोटच्या पोरापेक्षा जास्त जपलंय. पांढरी कीड लागली तर दाढीच्या ब्रशने साबणाचा फेस लावून पानन् पान धुतलं. दर रविवारी कापतो आणि कापलेल्या जागी तुरटी फिरवतो. गिऱ्हाइकांनी माझ्याकडून एवढी सेवा कधी घेतली नाही! आणि ही बया एक फूल देत नाही. फसवलंस तू मला. त्यातून मागितली कोणी होती? हिने. जन्मात कधी काही मागितलं नाही, ते एक झाड मागितलं, आणि तिथंही तू हात मारलास."

'हिने' म्हणजे अप्पांच्या बायकोने. अप्पांनी उभी हयात सलूनमध्ये काढली. आधी दुसऱ्याच्या, मग स्वतःच्या. पुढे हात थरथरू लागला. एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली, थेंबभर रक्त आलं, आणि थोरल्या मुलाने भर दुकानात सांगितलं, "अप्पा, आता घरी बसा." हत्यारांची पेटी काखेत मारून अप्पा घरी आले. दुसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "अहो, मला दारात लाल जास्वंद हवी. माझ्या आईच्या दारात होती तशी."

तेव्हापासून अप्पांना एक डोकं मिळालं होतं. ते हलत नव्हतं आणि तक्रारही करत नव्हतं.

रोपवाला खाली वाकला. पानं बाजूला सारून एकेक फांदी बोटांनी चाचपू लागला. प्रत्येक फांदी शेंड्याशी छाटलेली होती. एका टोकाला मुगाएवढी कळी लागू पाहत होती. कात्रीने तिचा अर्धा भाग नेला होता.

"अप्पा, अहो, हिची कळी नव्या शेंड्याला..."

तो मध्येच थांबला.

अप्पा खिडकीकडे तोंड करून उभे होते. आरशात बघून जन्म काढलेल्या माणसाला पाठीमागचं बघायला मान वळवावी लागत नाही. तावदानात त्यांना सगळं दिसलं. पाण्याचा तांब्या घेऊन बायको दारात आली होती. तिने ओठांवर बोट ठेवलं होतं. मग तिने अप्पांच्या हातांकडे खूण केली आणि सावकाश नकारार्थी मान हलवली.

"माती," रोपवाला म्हणाला. "मातीच हलकी आहे हिची."

अप्पांच्या कानशिलावरची शीर टरारून वर आली. ही खूण त्यांच्या ओळखीची होती. दुकानात शेवटचे काही महिने थोरला त्यांच्या मागे उभा राहून गिऱ्हाइकांना अशीच करायचा. जरा सांभाळून घ्या, म्हातारा आहे. आरसा समोर आहे, हेही त्या गाढवाच्या लक्षात नसायचं. सगळ्या जगाने मिळून आपल्याला सांभाळून घ्यायचा कट केलाय की काय! त्यांनी गर्रकन वळून तोंड उघडलं.

ती तांब्या पुढे करून उभी होती. गुडघा दुखत होता म्हणून एका पायावर भार टाकून, आणि तिची नजर त्या बिनफुलाच्या झाडावर होती.

अप्पांनी तोंड मिटलं. मग आलेला राग फुकट जाऊ नये म्हणून ते रोपवाल्यावर उघडलं.

"माती म्हणे हलकी! तूच हलका आहेस. पाणी पी आणि नीघ इथून."

रविवारी अप्पांनी नेहमीसारखी कुंडीभोवती धुवट चादर गुंडाळली, गाठ मारली, कात्री काढली. कचकच, कचकच आवाज थेट स्वयंपाकघरापर्यंत गेला.

"कानामागे नीट घ्या हो," आतून ती म्हणाली.

"मला शिकवू नकोस."

कात्री झाडाभोवती फिरत होती, वर, खाली, डावीकडे, पुन्हा वर. पानांपासून बोटभर अंतर राखून. थरथरत्या हाताने तेवढं अंतर राखणं गिऱ्हाइकाच्या कानाजवळचे कल्ले सरळ आणण्यापेक्षा अवघड होतं. अप्पांच्या कपाळावर घाम आला. एक पान पडलं नाही.

चादर झटकून झाली तेव्हा ती केरसुणी आणि सुपली घेऊन बाहेर आली. तिने फरशीकडे बघितलं. मग अप्पांकडे. ते पाठमोरे होऊन कात्री पुसत होते, गरजेपेक्षा बराच वेळ.

गुडघ्यावर हात टेकून ती खाली बसली. स्वच्छ फरशी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिने झाडून काढली, सुपलीत भरली आणि फाटकाबाहेर नेऊन रिकामी केली.

"आज बराच पसारा निघाला," ती म्हणाली.

"वाढलंच होतं फार," अप्पा म्हणाले.