भिंगरी पहिलीत काय शिकली

सकाळी आई वेणी घालायला बसली की भिंगरीच्या तोंडाची टकळी सुरू व्हायची. केस ओढले गेले की "आई गं," आणि त्याच श्वासात, "आणि क ला काना दिला की का." तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीत होतं. घरात ती भिंगरीच, कारण तिचा पाय एका जागी ठरत नसे.

पहिलीचं पहिलं सत्र अर्धं सरलं होतं. रांगेत उभं राहणं, पाणी प्यायला जाताना बाईंना विचारणं, बाकावरच्या शेजारणीला खोडरबर देणं, एवढं तिला येऊ लागलं होतं. शेजारीण म्हणजे कापडवाल्याची मुलगी, पुढच्या दातांची खिडकी पडलेली. दोघींचं गूळपीठ असं की कुणाचा डबा कुणी संपवला याचा पत्ता लागत नसे.

वडील मोठ्या दवाखान्यात कामाला होते. कामावरून आले की ते आधी न्हाणीत जात, खसाखसा साबण लावत, कपडे बदलत आणि मगच लेकीला घ्यायला हात पुढे करत. ती दाराशीच ताटकळलेली असे.

एके दिवशी बाईंनी वर्गात सांगितलं, "आपले आईबाबा काय काम करतात ते उद्या सगळ्यांनी सांगायचं." जेवताना भिंगरीनं वडिलांना विचारलं.

"दवाखान्यात आहेत म्हणून सांग," आई घाईनं म्हणाली.

"पण तिथं काय करतोस, बाबा?"

वडिलांनी हातातला घास ताटात ठेवला. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नव्हतं. "माणूस वारला की त्याला आमच्याकडे आणतात. मी त्याला आंघोळ घालतो, केस विंचरतो, स्वच्छ कापडात गुंडाळतो आणि घरच्यांच्या ताब्यात देतो."

"त्याला थंडी वाजते?"

"नाही गं. पण मी पाणी जरा कोमटच घेतो."

दुसऱ्या दिवशी भिंगरीनं हे सगळं, कोमट पाण्यासकट, वर्गात ठणठणीत आवाजात सांगितलं. कुणी हसलं नाही, कुणी घाबरलंही नाही. कुणाचे बाबा भिंती बांधत, कुणाचे गाडी चालवत, तसंच हेही एक काम. खिडकीवालीनं तर विचारलं, "बायकांची वेणी पण घालतात?" भिंगरी म्हणाली, "घालतात." तेवढ्यावर विषय संपला.

मग मुलं घरी गेली, आणि घरी मोठी माणसं होती.

सकाळी कापडवाल्याची बायको बाईंना फाटकातच गाठून म्हणाली, "आमच्या पोरीची जागा तेवढी बदला. मनात तसं काही नाही हो, पण घरात तान्हं बाळ आहे. उगाच विषाची परीक्षा कशाला?" बाई नोकरीत नव्या होत्या. एक जागा बदलल्यानं काय बिघडतं, असं वाटून त्यांनी खिडकीवालीला पलीकडच्या बाकावर बसवलं. का ते कुणाला सांगितलं नाही. मुलांना सांगावं लागलंही नाही. अक्षरं गिरवायला ज्यांना आठवडे लागत होते, त्यांनी हा धडा एका दिवसात पाठ केला.

मधल्या सुट्टीत नवा खेळ निघाला. भिंगरीचा हात लागेल तो मेला. त्यानं दुसऱ्याला शिवायचं आणि जिवंत व्हायचं. पहिल्या दिवशी भिंगरीही खिदळत सगळ्यांच्या मागे धावली. राज्य कायम आपल्यावरच का, हे तिला दोन-तीन दिवसांनी कळलं. त्यानंतर ती धावली नाही.

घरी ती भांडी घासायच्या घासणीनं हात घासू लागली. आईला वाटलं, खेळतेय. बोटांची सालपटं निघाली, तेव्हा आईनं मनगट धरून विचारलं, "काय चाललंय हे?"

"मेल्याचा वास जात नाहीये," भिंगरी म्हणाली.

पालकांच्या सभेत मोठ्या बाईंनी फार गोड शब्दांत विषय काढला. "भेदभाव कुणालाच नको आहे. पण वातावरण निवळेपर्यंत तिला मागच्या बाकावर एकटीला बसू दे."

भिंगरीच्या वडिलांची नजर समोरच्या कापडवाल्यावर गेली. गेल्या वर्षी त्याची आई वारली, तेव्हा हा गडी मुडदाघरात आत यायला धजला नव्हता. दाराबाहेर रडत उभा होता. म्हातारीच्या केसांतला गुंता भिंगरीच्या वडिलांनीच सोडवला होता. कापडवाल्यानंही त्यांना ओळखलं. तो खाली फरशीकडे बघत म्हणाला, "सगळ्यांचं मत तेच माझं."

वर्गाच्या बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या हजेरीच्या वहीवर रेघा ओढत राहिल्या.

"माझी मुलगी मागे बसणार नाही," आई उठून म्हणाली. "बसली तर सगळ्यांबरोबर. नाहीतर तुमची शाळा तुम्हाला लखलाभ."

वाटेत ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, त्याच्या आईचं तोंडावर का नाही बोललात?"

"ती त्याची आई होती," ते म्हणाले. "कुठे बोलायची गोष्ट आहे का ती?"

संध्याकाळी न्हाणीचं दार उघडलं, तेव्हा दाराशी कुणी नव्हतं. भिंगरी आईच्या पाठीमागे उभी होती. वडिलांनी हात पुढे केले. ती पदर घट्ट धरून म्हणाली, "नको." त्यांनी हात मागे घेतले आणि उगाचच टॉवेलाला पुसले. त्या दिवसापासून ते आपलं ताट उंबऱ्याशी घेऊन बसू लागले. बायको चिडली, रडली. ते एवढंच म्हणाले, "शाळेत सांगितलं ते खरं, असंच वाटतं गं या वयात."

दुसऱ्या सत्राला भिंगरी लांबच्या शाळेत जाऊ लागली. तिथं तिला मैत्रिणी मिळाल्या, टकळीही पुन्हा सुरू झाली. आईला हायसं वाटलं. वडील आपल्या सुट्टीच्या दिवशी तिला आणायला जात, पण तिनंच सांगितल्याप्रमाणे रस्त्याच्या पलीकडे, सायकलच्या दुकानापाशी थांबत.

एकदा आईही बरोबर गेली. फाटकाशी नव्या शाळेतल्या बाईंनी तिचा हात हातात घेतला. "तुमच्यावर केवढा प्रसंग आला. पण पोर धीराची आहे. पहिल्याच दिवशी उभी राहून म्हणाली, माझे बाबा वारले."

आईनं वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे वडील उभे होते, हातात लेकीसाठी घेतलेली शेंगांची पुडी.

ती भिंगरीपुढे खाली बसली. "असं का सांगितलंस गं?"

भिंगरी बुटाकडे बघत म्हणाली, "असं सांगितलं की सगळे जवळ बसतात."

आईनं तिला मारलं नाही, की ती रागावलीही नाही. तिनं रस्त्यापलीकडे हाक मारली, "अहो, इकडे या." त्यांनी नको म्हणून मान हलवली आणि लेकीकडे बोट दाखवलं. तेव्हा ती स्वतःच रस्ता ओलांडून गेली, त्यांचं मनगट धरलं आणि फाटकाशी घेऊन आली. मुलांना न्यायला आलेल्या बायका बघत होत्या.

"बाई, हे हिचे बाबा," ती म्हणाली. "मुडदाघरात काम करतात. तुमच्या-आमच्या माणसांना शेवटची आंघोळ घालतात. आता उद्या हिच्या शेजारी कोण बसतं ते मला बघायचंय. कुणी नाही बसलं, तर मी येऊन बसेन. रोज बसेन."

भिंगरीनं मान वर केली नाही. वडिलांनी पुडी पुढे केली, तीही तिनं घेतली नाही.

कुणी आपल्या मुलाला जवळ ओढलं, कुणी नाही ओढलं. मुलांना मात्र काय करावं ते कळत नव्हतं. ती आपापल्या आईच्या तोंडाकडे बघत होती.