एकमताने मंजूर

“यंदा दिवाळीला फरक न्हाय,” दूध संस्थेचं काम बघणाऱ्या संभाजीनं दुधाचं माप कॅनच्या काठावर आपटलं आणि ओळीतल्या बायकांकडं न बघताच सांगून टाकलं. “इलेक्शनचा खर्च भरायचाय. संस्थेच्या खात्यातलं पैसं तिकडं जाणार. प्रशासक सायबांचा हुकूम हाय.”

वर्षभर घातलेल्या दुधावर लिटरमागं जो जादा पैसा दिवाळीच्या तोंडावर हातात पडायचा, त्याला खडकओढ्यात फरक म्हणत. दर दहा दिवसांनी मिळणारा दुधाचा पगार पेंड आणि किराण्यात जिरून जाई. फरक मात्र बाईच्या हातात येई. एखादं लुगडं, घरावरचे पत्रे, लेकीचं माहेरपण, सगळं त्याच्यावर.

ओळीतली एकेक मान वळली आणि गोजरबाईवर येऊन थांबली.

गोजरबाईनं किटली खाली ठेवली. तिला वाटलं, कुणीतरी शिवी घालील. पण बोलली ती झुंबर. शेजारची, बांधाला बांध लागून असलेली, तिच्याच वयाची झुंबर.

“गोजरे, माझ्या वैष्णवीचा पयला दिवाळसण हाय,” झुंबर म्हणाली. “जावयाला काय घालू आता? तुझा राजीनामा?”

कुणीतरी फिसकन हसलं. गोजरबाईनं किटली उचलून संभाजीपुढं धरली.

खडकओढा इंदापूर तालुक्यातलं, निरवांगीच्या पुढचं गाव. गोजरबाईच्या सासऱ्यानं मेंढरांमागं कोकणापर्यंत पायपीट केली होती. नवऱ्यानं मेंढरं विकून कालव्याच्या कडेची जमीन कसली आणि तो गेल्यावर तिनं एक जर्सी गाय घेतली. दूध संस्थेत बायकांसाठी राखीव जागा निघाली तेव्हा गावानं तिला बिनविरोध संचालक केलं. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही, म्हणून. मीटिंगला ती सतरंजीच्या कडेला बसायची. चहा यायचा, सही करायची, घरी यायची. पण दारावरून जाणारी माणसं “काय संचालकीणबाई” म्हणायची, तेव्हा तिला बरं वाटायचं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

चेअरमन दत्तोबा होते. गावातल्या बड्या बागायतदाराला, दादासोला, चेअरमन व्हायचं होतं. त्याच्या बाजूच्या चार संचालकांनी राजीनामे दिले, तरी कमिटी पडेना. निम्म्याहून जास्त संचालक जायला आणखी एक राजीनामा हवा होता.

श्रावणात दादासो स्वतः तिच्या ओसरीवर आला. घोंगडीवर मांडी घालून बसला. तिचा मुलगा बिरू दादासोच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता.

“मावशे, बिरूचं काम चोख हाय,” दादासो म्हणाला. “म्या त्याला दिवाळीनंतर नव्या ट्रॅक्टरवर बसवणार हाय. न्हायतर त्या जागंला माणसं काय कमी हायेत व्हय?”

मग राजीनाम्याचा कागद काढला.

“ह्यानं काय हुतंय?” तिनं विचारलं.

“काय न्हाय. तुझं पद जातंय, तेवढंच. तुला तरी त्याचं काय करायचंय?”

तिनं पेन हातात घेतलं आणि बाहेर बघितलं. बिरू अंगणात टायरवर पाणी मारत होता, मुद्दाम पाठ करून. तिनं सही केली. आपलंच जातंय, दुसऱ्याचं काही जात नाही, असं तिनं मनाला सांगितलं होतं.

आठवड्यात कमिटी पडली, संस्थेवर प्रशासक आला आणि मुदतीआधीच निवडणूक लागली.

फरक मिळणार नाही हे कळलं, त्या दिवशी दूध घालून ती घरी न जाता तशीच दादासोच्या वाड्यावर गेली. तो दाढी करत होता.

“दादासो, इलेक्शन तुमच्यापायी लागलं. खर्च तुमी भरा. बायकांचा फरक द्या.”

दादासोनं गालावरचा साबण पुसला. चिडला नाही, उलट हसलाच.

“माज्यापायी? माजा राजीनामा हाय का? मी संचालक तरी हुतो का, मावशे? सही कुणाची हाय?”

“तुमीच घेतली.”

“मग सांग गावाला. म्हणावं, पोराच्या नोकरीसाठी सही दिली.”

परत येताना तिला कळलं की त्यानं तिला नुसतं हरवलं नव्हतं, त्याच्या पापात वाटेकरी करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती एस.टी.नं इंदापूरला गेली. सहकार खात्याच्या कचेरीत एक क्लार्क डबा उघडून बसला होता. माणूस वाईट नव्हता. त्यानं तिला बाकावर बसायला सांगितलं, पाणी दिलं, तिचं सगळं ऐकून घेतलं.

“बाई, कायदा असा आहे, ज्या संस्थेची निवडणूक, खर्च त्या संस्थेनंच करायचा.”

“मुदत सरल्यावर लागती ती निवडणूक मला कळती, सायेब. पण ही मुद्दाम पाडून लावली. दोघांच्या भांडणापायी. तरीबी?”

“तरीही.”

“आन् संस्था म्हंजी कोण? दत्तोबा का दादासो?”

क्लार्क घुटमळला. “संस्था म्हणजे सभासद. तुम्ही सगळे.”

“म्हंजी ज्यांनी गायीच्या शेणात हात घातलं त्यांनी भरायचं.”

“तसं नाही हो...” तो म्हणाला आणि त्यानं डब्यातली अर्धी भाकरी तिच्यापुढं केली. तिनं नको म्हटलं आणि उठली.

दिवाळी आली तशी गेली. वैष्णवी कळंबला दिली होती. जावयाला बोलावणंच गेलं नाही, म्हणून सासरच्यांनी तिलाही धाडलं नाही. भाऊबीजेला झुंबरच्या दारात पणती लागली नाही. गोजरबाईनं करंज्यांचं ताट पदराखाली झाकून नेलं. झुंबरनं ताट बघितलं, तिच्याकडं बघितलं आणि दार लावून घेतलं. ताट उंबऱ्यावर ठेवून यावं, असं गोजरबाईच्या मनात आलं होतं. मग ती ते परत घेऊन आली. बिरूनं एक करंजी उचलली, तर तिनं त्याच्या हातातून ती काढून घेतली.

“आये, माजी काय चूक?” बिरू म्हणाला.

“तुजी न्हाय. खा,” म्हणून तिनं ताटच त्याच्यापुढं सरकवलं.

मार्गशीर्षात निवडणूक झाली. शाळेत मंडप पडला, जीपगाड्या फिरल्या, निवडणुकीच्या कर्मचाऱ्यांना जेवणावळी झाल्या, कर्ण्यावरून दोन्ही पॅनेलनी एकमेकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. गावात दोन मारामाऱ्या झाल्या, सख्ख्या भावाभावांनी बोलणं टाकलं. निकाल लागला आणि दोघांचीही माणसं जवळपास सारखीच आली. मग एका संध्याकाळी दादासो आणि दत्तोबा बारामतीला कुणाकडं तरी जेवून आले. सकाळी गावात गुलाल उडाला. दादासो चेअरमन, दत्तोबा व्हाईस चेअरमन. दोघं एकाच हाराखाली उभे राहिले.

पौषात संस्थेच्या सभासदांची सभा बोलावली. शाळेच्या पटांगणात पुरुष पुढं, बायका मागं. संभाजी एकेक विषय वाचत होता आणि पुढची माणसं तंबाखू मळत “मंजूर, मंजूर” म्हणत होती.

“विषय चौथा. निवडणुकीच्या खर्चास मंजुरी.”

“मंजूर!”

“नामंजूर,” मागून आवाज आला.

माना वळल्या. गोजरबाई उभी राहिली होती. तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला.

“बस खाली, मावशे,” दत्तोबा म्हणाले. “मंजूर झालं.”

“मला बोलायचंय. कमिटी पाडायला सही माजी हाय. पोराच्या नोकरीसाठी दिली म्या. दादासोनं मागितली, म्या दिली. चूक माजी हाय, ती म्या कबूल करती. पण भांडलं हे दोघं, आन् आज एका सतरंजीवर बसल्यात. मग खर्च त्या दोघांनी भरावा. बायकांनी का म्हणून?”

बायकांमध्ये एकदोघी एकमेकींकडं बघू लागल्या. गोजरबाईनं झुंबरकडं बघितलं. झुंबर पायाच्या नखानं माती उकरत होती.

“आणखी कुणाचा विरोध?” दादासोनं विचारलं. शांतपणे, एकेका घराकडं बघत. कुणाला त्याच्याकडून उसाची तोड हवी होती, कुणाला पाण्याची पाळी. हात वर झाला नाही.

“लिही, संभाजी,” दादासो म्हणाला. “एकमतानं मंजूर.”

“एकमतानं न्हाय!” गोजरबाई म्हणाली. “म्या न्हाय म्हणलं. तेवढं तरी लिवा.”

संभाजीचं पेन थांबलं. त्यानं दादासोकडं बघितलं. मग लिहिलं. काय लिहिलं ते ओळखायला तिला पुढं जाऊन वाचावं लागलं नाही.

त्याच संध्याकाळी दादासोच्या माणसानं येऊन बिरूकडून ट्रॅक्टरची किल्ली नेली. बिरूनं हातपाय धुतले, तो जेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडला. ते तिला कुठल्याही बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

सकाळी ती धार काढून संस्थेत गेली. ओळीत कुणी तिच्याकडं बघेना. तिची पाळी आली. संभाजीनं किटलीत डोकावल्यासारखं केलं आणि झाकण परत लावलं.

“मावशे, दूध नासलंय. चालायचं न्हाय.”

“आत्ता काढलंय. फेससुदीक बसला न्हाय त्येचा.”

“मला काय सांगती? वरनं सांगितलंय मला,” संभाजी पुटपुटला आणि पुढच्या बाईची किटली ओढू लागला.

गोजरबाईनं झाकण काढलं. दगडी कट्ट्यावरचं माप उचललं, आपल्या किटलीत बुडवलं आणि तोंडाला लावलं. ओळीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. ती सावकाश प्यायली, तळाचा थेंबही ठेवला नाही. मग पदरानं ओठ पुसले, माप होतं तिथं पालथं ठेवलं.

“ग्वाड हाय,” ती म्हणाली.

संभाजीनं मान वर केली नाही. तिनं किटली उचलून डोक्यावर घेतली. वाट अरुंद होती, एका बाजूला कॅन, दुसऱ्या बाजूला ओळ. झुंबर वाटेतच उभी होती. तिनं आपली किटली छातीशी धरली आणि भिंतीला पाठ टेकवून गोजरबाईला वाट करून दिली. तिच्यामागच्या बाईनंही. मग तिच्याही मागचीनं. भरलेली किटली सांभाळत गोजरबाई त्यांच्यामधून ताठ मानेनं बाहेर पडली आणि ओढ्याच्या वाटेनं घराकडं निघाली.